वर्गात येऊन बसणारे मुख्याध्यापक

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. नोकरीला १७ वर्षं झाली, ही तिसरी शाळा. मेअखेर आमचे मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठ म्हणून प्रभार माझ्याकडे आला. पट ८६, पहिली ते पाचवी, शिक्षक आम्ही तिघं. म्हणजे चौथी-पाचवीचा जोडवर्गही माझा आणि कपाटाच्या किल्ल्याही माझ्याच. प्रभार घेताना रजिस्टरं मोजून घेतली, पोषण आहाराचा तांदूळ वजन करून घेतला, खुर्च्या-टेबलं डेडस्टॉकशी, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीशी, ताडून पाहिली. कुठल्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, याची नोंद त्या यादीत कुठेच नव्हती. सही करताना मलाही ती मागावीशी वाटली नाही. रात्री घरी आल्यावर लक्षात आलं.

तेव्हापासून माझ्या आधीच्या दोन शाळांतले दोन मुख्याध्यापक सारखे डोळ्यांपुढे येतायत.

पहिले सर अतिशय प्रामाणिक. दप्तर इतकं चोख की तपासणीला आलेले साहेब इतर शाळांना त्यांचं उदाहरण द्यायचे. लोकवर्गणीतून त्यांनी भिंती रंगवून घेतल्या, पाण्याची टाकी बांधली, कुंपण केलं. खिशातले पैसे घालताना मी त्यांना पाहिलंय, त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटणार नाही. पण त्या पाच वर्षांत ते माझ्या वर्गात कधी बसले नाहीत. टाचण वहीवर (पाठांच्या नियोजनाच्या वहीवर) सोमवारची सही, तीही दारातूनच. माझ्या वर्गात काय चाललंय हे कुणाला माहीत नव्हतं, आणि शेजारच्या वर्गात काय चाललंय हे मला. मी वाईट शिकवत होते असं नाही. जसं येत होतं तसंच पाच वर्षं शिकवत राहिले, एवढंच.

दुसरी शाळा सात शिक्षकांची. तिथले सर रुजू झाले त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या तिसरीच्या वर्गात आले. "चालू द्या, मॅडम," म्हणाले आणि शेवटच्या रांगेत बस्करपट्टीवर मुलांच्या शेजारी मांडी घालून बसले.

मी हातच्याची वजाबाकी घेत होते. फळ्यावर ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक दशक घ्या, बारातून सात गेले पाच. पोरं माझ्यामागून एका सुरात म्हणत होती. मग वहीत सहा उदाहरणं दिली, फिरून बरोबर-चूक करत गेले. तास संपला, सर काही न बोलता उठले. मधल्या सुट्टीत मला बोलावलं. मला वाटलं, आता टाचण मागणार.

त्यांच्या हातात एक चतकोर कागद होता. त्यावर चार मुलांची नावं आणि त्यांची उत्तरं.

"मॅडम, ही चौघं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहितायत. तुम्ही फुली मारलीत, ते बरोबरच आहे. पण चौघांचंही ३५च का आलं असेल?"

मी कागदाकडे बघत राहिले. मग दिसलं. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच त्यांना कळलं होतं. वर कोण, खाली कोण याचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं मी त्या ३५वर फुल्या मारत आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. तो तास सरांनी घेतला आणि मला शेवटच्या रांगेत बसवलं. त्यांचाही सगळा जमला नाही. गठ्ठा केव्हा सोडायचा हे एका मुलीला कळेना, तेव्हा सरांनीच तो सोडून तिच्यापुढे ठेवला. तासानंतर मी धीर करून म्हटलं, "सर, गठ्ठा तिला सोडू द्यायला हवा होता." त्यांनी वही काढली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. तोवर कुठल्या वरिष्ठाने माझं बोलणं असं वहीत उतरवून घेतलेलं मला आठवत नाही.

पुढे दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही सगळे पाऊण तास बसायचो. त्या पाऊण तासात परिपत्रक काढायचं नाही असा नियम होता. परिपत्रकं टपालवहीत, ज्याने त्याने वाचून सही करायची. मध्ये ठेवायच्या त्या मुलांच्या वह्या. दिवाळीनंतर मीच सरांना बोलवायला लागले होते: "सर, भागाकार सुरू करतेय, येऊन बसा."

दोघांनाही पगार तोच, परिपत्रकं तीच, तालुकाही तोच. मग हा फरक केवळ स्वभावाचा आहे का? आणि माझ्यासारखीने, जिला स्वतःचे दोन वर्ग शिकवून हे पद सांभाळायचंय, कुठून सुरुवात करायची? तुमचे अनुभव लिहा. शिक्षक नसाल तरी लिहा.

---

पिंपळपार

ताई, चतकोर कागदाची गोष्ट वाचून बराच वेळ तसाच बसून राहिलो. मी निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा. केंद्रात १३ शाळा होत्या.

शाळाभेटीला गेलो की गाडी लावायची आणि आधी ऑफिसात बसायचं. पट किती, उपस्थिती किती, खिचडी शिजली का, माहिती भरली का. मग चहा, आणि शेरेबुकात शेरा: "विद्यार्थ्यांची गुणवत्ता समाधानकारक आहे." हे वाक्य मी अनेक शाळांत लिहिलंय आणि त्यातल्या कितीतरी वेळा वर्गात पाऊलही टाकलं नव्हतं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

मुख्याध्यापकाने वर्गात बसावं हे सगळ्यांना पटतं. त्याला बसायला वेळ कुणी ठेवलाय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी १५० च्या वर मुलं असतील तर वेगळा मुख्याध्यापक, सहावी ते आठवीसाठी १०० च्या वर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असं आहे. वाडीवस्तीवरच्या शाळांचा पट तिथवर पोचत नाही. मग जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडे प्रभार. तो स्वतःचा वर्ग शिकवणार, यू-डायसवर शाळेची माहिती भरणार, आहाराचा हिशेब ठेवणार, समितीची सभा घेणार, निवडणूक आली की बीएलओ म्हणून मतदारयाद्यांसाठी फिरणार. आणि आम्ही वरून फोन करणार, "आज दुपारी दोनपर्यंत माहिती पाठवा." तो फोन मी स्वतः केलाय, वर्गाची वेळ असताना. पलीकडून मुलांचा गलका ऐकू यायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसरी आठवण. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाचं) नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली, म्हणजे मुलांनी स्वतः करून, अनुभवातून शिकायचं. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जात होते. मीही माझ्या केंद्रातले शिक्षक घेऊन गेलो. तिथे मुलं जमिनीवर आखलेल्या चौकटींत बसून आपापलं काम करत होती आणि शिक्षिका त्यांच्यात फिरत होत्या. परत आल्यावर आम्ही काय केलं? महिनाभरात १३ शाळांच्या फरशा रंगवून काढल्या. फोटो वर पाठवले. रंग आणला. त्या रंगाच्या आधी तिथे शिक्षक आणि अधिकारी एकत्र बसून मुलं कशी शिकतात यावर बोलले होते, ते बोलणं आणायचं राहून गेलं. दोन पावसाळ्यांत रंग उडाला.

---

आकडेमोड

पाटीपेन्सिल, तुमच्या सरांनी जे केलं त्यावर जगभर अभ्यास झालाय. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ऑकलंड विद्यापीठाच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून मुख्याध्यापकाच्या कामाचे पाच भाग पाडले आणि कुठल्या भागाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो ते पाहिलं. आकडा जितका मोठा, तितका संबंध जास्त. शिस्त आणि सुरक्षित वातावरण ०.२७. साधनं-पैसा नीट वापरणं ०.३१. ध्येय ठरवणं ०.४२, अध्यापनाचं नियोजन आणि निरीक्षण ०.४२. आणि शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन त्यात स्वतः सहभागी होणं, ०.८४. बाकी सगळ्यांपेक्षा किमान दुप्पट. हा शेवटचा आकडा मोजक्याच अभ्यासांवर उभा आहे, त्यामुळे दशांशापर्यंत ताणू नये. पण 'स्वतः सहभागी होणं' हे शब्द महत्त्वाचे. प्रशिक्षणाला शिक्षक पाठवून देणारा मुख्याध्यापक त्यात बसत नाही. काड्यांचा तास स्वतः घेऊन चूक ऐकून घेणारा बसतो.

अमेरिकेत ग्रिसम, एगालाइट आणि लिंडसे यांचा २०२१ चा अहवाल आहे. मुख्याध्यापकांची परिणामकारकतेनुसार रांग लावली, तर खालून पंचविसाव्या टक्क्यावरच्याच्या जागी पंचाहत्तराव्या टक्क्यावरचा आल्याने शाळेतल्या सरासरी मुलाचं गणितात वर्षाला सुमारे २.९ महिन्यांइतकं आणि वाचनात २.७ महिन्यांइतकं जास्त शिकणं होतं, असा त्यांचा अंदाज आहे. चांगल्या शिक्षकाचा परिणाम एका मुलापुरता पाहिला तर याहून मोठा भरेल, पण तो त्याच्या एका वर्गापुरता. मुख्याध्यापकाचा सगळ्या शाळेवर.

मला सगळ्यात जास्त लागून राहिलेलं उदाहरण मात्र मध्य प्रदेशातलं. तिथे सरकारी शाळांमध्ये शाळेचं मूल्यमापन करायचं, त्यावरून सुधारणा आराखडा करायचा, मग त्याचा पाठपुरावा करायचा असा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांमध्ये तपासला. मूल्यमापन झालं, आराखडे झाले, सगळे कागद वेळेवर. वर्गात शिकवण्यात फरक नाही. मुलांच्या शिकण्यात फरक नाही. आणि तरी कागद पूर्ण होतायत म्हणून कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि त्याच धर्तीवर देशभरात ६ लाख शाळांपर्यंत गेला. पिंपळपारकाका, तुमच्या रंगवलेल्या फरशा वाचताना मला हेच आठवलं.

---

दुपारपाळी

शहरातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडचं दुखणं निराळं.

खाजगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू. मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे, कारण ते नसतं तर संस्थाचालकांच्या मर्जीतला माणूस बसला असता. पण प्रत्यक्षात होतं असं की माणूस खुर्चीवर बसतो तेव्हा निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं असतं. माझ्या शाळेत सहा वर्षांत चार मुख्याध्यापक झाले. प्रत्येकाने पहिले सहा महिने काम समजून घेतलं आणि शेवटचे सहा महिने पेन्शनची कागदपत्रं जमवली. त्यांचा काय दोष? तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला एका सकाळी सांगितलं की आजपासून चाळीस शिक्षकांचं शिकवणं तुम्ही बघायचं. ते कसं बघायचं हे त्याला कधी कुणी दाखवलेलं नसतं.

चौघांपैकी एका बाईंबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्यांना चौदा महिने मिळाले. वर्गनिरीक्षणाला त्या फारशा आल्या नाहीत. त्यांनी एकच मोठी गोष्ट केली, वेळापत्रक बदललं.

आमच्याकडे वर्षानुवर्षं रीत अशी की ज्याचं शिकवणं चांगलं तो दहावीला. निकाल लागतो, फ्लेक्स लागतो, संस्था खूश. पाचवी-सहावीला उरलेसुरले, किंवा तासिकेवरचे. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "सर, पुढच्या वर्षी पाचवीच्या दोन तुकड्या तुम्ही घ्या." मला तो अपमान वाटला, आणि घरी जाऊन तसं बोललोही. जूनमध्ये वर्गात गेलो तर पाचवीतल्या मुलांना अपूर्णांक म्हणजे दोन आकडे आणि मध्ये रेघ, एवढंच ठाऊक. पाव म्हणजे काय, अर्ध्यापेक्षा मोठा की लहान, काही नाही. आणि मी दहा वर्षं दहावीला बीजगणित शिकवताना म्हणत होतो की या मुलांचा पायाच कच्चा आहे. तो पाया ज्या वर्गात घालायचा तिथे मी एकदाही गेलो नव्हतो.

संस्थेने त्यांना त्याबद्दल बरंच ऐकवलं. त्या बधल्या नाहीत. ती मुलं आता नववीत आहेत. मुख्याध्यापकाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार कुठलं म्हणाल तर मी म्हणेन, कुठल्या वर्गावर कोण.

---

चौथीची_आई

मी शिक्षक नाही. आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. कायद्याने समितीत पाऊण भाग पालक आणि निम्म्या बायका लागतात म्हणून माझं नाव घातलं होतं. पहिली दोन वर्षं मी सह्याच केल्या. सभेत विषय ठरलेले: वर्गणी, संडासाची दुरुस्ती, पंधरा ऑगस्टचा खाऊ.

मग नवीन बाई आल्या. पहिल्या सभेला त्यांनी गोष्टींची पुस्तकं आणून पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "आपापल्या पोराला यातलं एक पान वाचायला सांगा, मी बघणार नाही, तुम्हीच ऐका." माझी मुलगी तेव्हा दुसरीत. तिने पानभर घडाघडा वाचलं. मला आनंद झाला. मग बाईंनी हळूच मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं, "ही वाच गं." तिला येईना. ती पाठ केलेली गोष्ट म्हणत होती.

मी रागावले नाही, घाबरले. घरी रोज अभ्यास घ्यायचे मी, आणि मला कळलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "ताई, मलाही गेल्या आठवड्यातच कळलं. आपण दोघी मिळून बघू." हे 'मलाही' त्या म्हणाल्या म्हणून मी पुढच्या सभेला गेले. पुढे गावात चावडी वाचन (गावकऱ्यांसमोर मुलांचं वाचन) झालं तेव्हा पोरांना पाठ असलेला धडा द्यायचा नाही, समोरच्याने उघडेल ते पान, असं समितीनेच ठरवलं. आता आमच्या सभेत वर्गणी शेवटी येते.

---

माळरान

सगळे प्रतिसाद मनापासून वाचले. तरी एक वेगळा सूर लावतो. मीही जिल्हा परिषदेचा शिक्षक.

आपण सगळे एकेका माणसाबद्दल बोलतोय. हे सर, त्या बाई. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. पुढे ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, जिथे मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. एकच माणूस दोन ठिकाणी उभं करून दाखवतो, म्हणजे नेतृत्वाने फरक पडतो हे सिद्धच झालं.

पण माझी भीती त्यातच आहे. राज्यात हजारो शाळा आहेत. तेवढे वारे गुरुजी आणायचे कुठून? आणि आमच्या बदल्या होतात. मी एका अतिशय चांगल्या शाळेत त्या सरांची बदली झाल्यानंतर रुजू झालो होतो. ग्रंथालयाचं कपाट होतं, किल्ली सापडत नव्हती. मुलं विचारायची, "गुरुजी, शनिवारी प्रयोग नाहीत का?" गावकऱ्यांनी तर आम्हाला कधी आपलं मानलंच नाही, कारण आम्ही 'ते सर' नव्हतो. त्या दोन वर्षांत मी जे ऐकून घेतलं ते कुठल्याही सामान्य शिक्षकाच्या वाट्याला येऊ नये. असामान्य माणसाच्या जिवावर चालणारी शाळा मला नको. साधा माणूस चालवू शकेल अशी हवी.

---

लीड्सकर

माळरान, तुमच्या मुद्द्याला धरूनच. मी १२ वर्षं इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते आहे, मूळची नगरची.

इथे तपासणीचा धाक मोठा. पूर्वी तपासनीस एकेका तासाला श्रेणी देत. २०१४ पासून ते बंद झालं. पण शाळांच्या आत सवय टिकून होती. माझ्या पहिल्या शाळेत हेड वर्षातून तीनदा पाटी-पेन घेऊन यायच्या, वीस मिनिटं बसायच्या आणि श्रेणी सांगायच्या. आम्ही त्या दिवसासाठी वेगळा 'दाखवायचा तास' तयार ठेवायचो. मुलांनाही कळायचं. त्यातून मी काहीही शिकले नाही, मनापासून सांगते.

आत्ताच्या शाळेत हेड आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं येतात. श्रेणी नाही, फॉर्म नाही. निघताना एकच गोष्ट सांगतात, आणि पुढच्या वेळी तीच बघतात. माझी मागची गोष्ट होती: "प्रश्न विचारल्यावर तू थांबत नाहीस." तीन आठवडे मी फक्त थांबायला शिकत होते.

आणि दुसरं, जे मला फार मोलाचं वाटतं. हेड दर पंधरवड्याला माझा वर्ग अर्धा तास स्वतः घेतात, त्या वेळात मी शेजारच्या वर्गात जाऊन बसते. हे आता त्यांच्या येण्याआधीच वेळापत्रकात छापलेलं असतं. मागच्या वर्षी त्या चार महिने आजारी होत्या, तरी उपमुख्याध्यापकांनी ते चालू ठेवलं, कारण सगळ्यांना त्याची सवय झाली होती. यात कुणी असामान्य लागत नाही.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. चौथीची_आई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या दोन्ही सहकाऱ्यांना वाचून दाखवला.

माळरान सर, तुम्ही बदलीनंतरचं लिहिलंत म्हणून खरं तेच सांगते. आमच्या त्या सरांची बदली झाल्यावर शनिवारची बैठक दोन वर्षं चालली. नवीन मुख्याध्यापकांनी थांबवली नाही, पण ते बसतही नव्हते. मग आणखी तिघांच्या बदल्या झाल्या आणि ती बंद पडली. कधी बंद पडली ते कुणाला नीट सांगता येणार नाही. तुमची भीती खरी आहे. तुमच्या वाट्याला आलेलं वाचून वाईट वाटलं; आमच्यानंतर त्या शाळेत आलेल्यांनाही गावाने असंच ऐकवलं असेल का, हा विचार मी आजवर केला नव्हता.

माझी अडचण अजून तिथेच आहे. लीड्सकर यांच्यासारखं करायचं तर मी दुसरीच्या वर्गात जाऊन बसले की माझी चौथी-पाचवीची ३७ मुलं कोण सांभाळणार?

---

पिंपळपार

ताई, जालिंदरनगरच्या शाळेत 'विषय मित्र' म्हणून पद्धत आहे, मुलंच एकमेकांना शिकवतात. रोज नको, आठवड्यातून अर्धा तास. आधी दोन आठवडे तुमच्या पाचवीच्या मुलांना त्याची सवय करा, नाहीतर नुसता गोंधळ होईल. आणि ती वेळ टपालाची धरू नका. त्या अर्ध्या तासात फोन कपाटात. केंद्रातून फोन आला तर अर्ध्या तासाने उचला. मी सांगतो म्हणून उचलू नका.

चौथीची_आई

आमच्याकडे बुधवारी दोन आया गोष्ट वाचायला येतात. समितीच्या सभेत विषय ठेवा, कुणीतरी उभी राहतेच. जिला वाचता येत नाही तिने गोष्ट सांगितली तरी चालते. आमच्याकडे एक आजी येतात त्यांना अक्षरओळख नाही, पण पोरं त्यांचीच वाट बघतात.

आकडेमोड

एक विनंती. सुरुवात तुमच्या वर्गापासून करा. आधी सहकाऱ्यांना तुमच्या तासाला बसवा, मग तुम्ही त्यांच्या.

---

पाटीपेन्सिल

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

समितीच्या सभेत विषय मांडला. दोघीजणी तयार झाल्या, त्यातली एक बचत गटाची सचिव आहे, ती दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. पहिल्या गुरुवारी दुसरी तिच्यावर सोपवून दुसरीचे सर माझ्या वर्गात येऊन बसले. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, आधी अवघडले होते. "मॅडम, मी तुमचं काय निरीक्षण करणार?" मी त्यांना म्हटलं, माझं करू नका, खिडकीजवळच्या रांगेतल्या पाच मुलांचं करा. ती काय करतात तेवढं लिहा.

मी क्षेत्रफळ घेत होते. तासानंतर त्यांनी कागद दिला. पाचांपैकी तिघांनी सगळ्या बाजूंची बेरीज केली होती, म्हणजे परिमिती काढली होती, आणि माझं उत्तर फळ्यावर आल्यावर आपलं खोडून ते उतरवून घेतलं होतं. वहीत सगळं बरोबर दिसत होतं. मी संध्याकाळी त्या वह्या तपासल्या असत्या तर तिन्हींवर बरोबरची खूण केली असती. कागदाच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली होती: "मॅडम, तुम्ही नऊ प्रश्न विचारलेत, त्यातल्या सहांचं उत्तर तुम्हीच दिलंत."

कागद मी टाचण वहीत चिकटवला आहे. पुढच्या तासाला अंगणात खडूने आयत आखले आणि मुलांनी आत जुन्या वह्यांची पुठ्ठ्याची कव्हरं मांडली. किती मावतात ते त्यांनीच मोजलं. दोघं अजूनही गोंधळतात.

काल गुरुवार होता. त्या अर्ध्या तासात दोन वेळा फोन वाजला, कपाटातून आवाज येत होता. पाचवीची मुलं चौथीला सोळाचा पाढा म्हणून घेत होती. मी दुसरीच्या शेवटच्या रांगेत होते, माझ्या शेजारची मुलगी सरकून मला जागा करून देत म्हणाली, "बाई, तुम्हाला पण आमच्या सरांनी शिकायला बसवलंय?" मी हो म्हटलं.

पुढच्या गुरुवारी पहिलीच्या बाईंची पाळी आहे. पहिलीच्या वर्गात अक्षरांपाशी अडलेल्या मुलांचं नेमकं काय टिपायचं, याबद्दल कुणी सांगू शकेल का?